रविवारच्या वंदनेनंतर विहारात नोकरीचं टेबल लावावं का?

वर्षावासी:
जय भीम. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना, मग चहा. मागच्या रविवारी मी म्हटलं, चहाच्या वेळी एक टेबल लावू. नोकरीतल्यांनी आपल्याकडे निघालेल्या जागा सांगायच्या, पोरांचे बायोडाटा बघायचे. अर्धे हो म्हणाले. बाकीचे म्हणतात, विहार म्हणजे काय एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आहे का? तुमचं मत?

कोरी पाटी:
विरोध. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचनाला पंधरा माणसं जमत नाहीत. टेबलाला गर्दी होईल, पण वंदना संपेपर्यंत बाहेर मोबाईल बघत उभी राहणारी. आणि खाजगी कंपन्यांत आडनाव बघून माणूस घेतात म्हणून आपणच बोंब मारतो ना? मग आपणही 'आपला माणूस' चिकटवायचा?

वर्षावासी:
दादा, दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने बुद्धांना विचारलं होतं, आम्ही संसारी माणसं, आमचं भलं कशात? उत्तरात पहिलीच गोष्ट उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामातली मेहनत आणि हुशारी. तिसरी कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या माणसांची संगत. आणि जागा निघाल्याचं सांगणं हा वशिला कसा? इतर समाजांतल्यांना ही बातमी लग्नाच्या पंगतीत कळते.

कोरी पाटी:
बातमीवरून शब्द टाकण्यावर यायला वेळ लागत नाही. आमच्याकडे एकाने साहेबाकडे शब्द टाकला, पोरगा दोन महिन्यांत काम सोडून गेला. आता शब्द टाकणाराच वंदनेला येत नाही.

तिसरी पाळी:
माझा भाऊ बी.एस्सी. होऊन तीन वर्षं घरी आहे. त्याने विहार सोडला, कारण चपला काढतानाच कोणीतरी विचारतं, "मग, सध्या काय चाललंय?" चारचौघांत मांडलेल्या टेबलावर तो जन्मात बसणार नाही. शिवाय टेबल आलं की एजंट आलेच. हाऊसकीपिंगच्या कामासाठी ओळखीच्याच माणसाने माझ्या आईकडून 'रजिस्ट्रेशन'चे दोन हजार घेतले. काम महिनाभर टिकलं. पैशाचं नाव काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवणार असाल, तर बोला.

सेंटर लांब:
टेबल राहू द्या, चटई द्या! २०२३ ची तलाठी भरती आठवा. ४६४४ जागा, दहा लाखांवर अर्ज, फी आपल्या राखीव गटाला ९०० रुपये. माझं सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात, पेपर सकाळचा. आदली रात्र एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली, डासांनी फोडून काढलं. पेपरात डोळे मिटत होते. त्या शहरात विहार होते की, पण रात्री सगळ्यांना कुलूप. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉल उघडा ठेवा, सकाळी पोहे द्या, चार्जिंगला एक बोर्ड. चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन आणा म्हणतो ना आपण? तसंच पौर्णिमेच्या दानातून एखाद्याची फी भरा. नाव जाहीर करू नका म्हणजे झालं.

कोरी पाटी:
चटईला माझी ना नाही, ते दानच आहे. टेबलाला विरोध कायम.

वर्षावासी:
आणि मुली परीक्षेला आल्या तर?

तिसरी पाळी:
त्या आमच्या घरी. महिला मंडळातल्या तीन घरांत तरी सहज सोय होईल. पण दादा, आधी किल्लीचं बघा. आमच्या विहाराला दोन गटांची दोन कुलपं आहेत, आणि एका किल्लीवाला दुसऱ्याशी बोलत नाही.