अनाथ की पोरकी? एकलकोंडी की एकाकी?

प्रश्न : कॅनेडियन लेखिका ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी हिच्या लहानपणावर मुलांसाठी लेख लिहितेय. जन्म १८७४. २१ महिन्यांची असताना आई क्षयाने गेली. वडिलांनी तिला प्रिन्स एडवर्ड बेटावर कॅव्हेन्डिशला आजोळी ठेवलं आणि पुढे ते दूर पश्चिमेकडे निघून गेले. हिला 'अनाथ' म्हणावं का? झाडांना नावं ठेवायची, एकटीच हिंडायची, म्हणून 'एकलकोंडी' लिहिलंय. चालेल?

उत्तर : आधी ते 'नावं ठेवायची' बदला, 'नावं द्यायची' करा. नाहीतर पोरगी झाडांची उणीदुणी काढत बसायची असं वाटेल!

'अनाथ' नको. बाप हयात, आजी-आजोबा सांभाळतायत, घरातच पोस्ट चालतंय. अनाथ म्हणजे ज्याला कुणी वाली नाही तो. शब्द दाखल्यावरचा, आश्रमाच्या पाटीवरचा. 'पोरकी' चपखल. दोघांपैकी एक गेलं तरी मूल पोरकं होतं. शिवाय 'आईला पोरकी' म्हटलं की नेमकं कोण गेलं तेही कळतं. 'अनाथ'मध्ये ती सोय नाही. (एखादा गायक गेला की 'संगीतसृष्टी पोरकी झाली' छापून पेपरवाल्यांनी हा शब्द झिजवलाय, तरी अजून दम आहे त्यात.)

'एकलकोंडी' तर साफ चूक. तो स्वभाव झाला, माणसं नकोशी वाटणाऱ्याचा. मॉड पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला 'केटी मॉरिस' म्हणायची आणि तिच्याशी गप्पा मारायची. तिला सोबत हवी होती. म्हणून 'एकाकी'.

प्रश्न : आणि लिहिण्याला 'विरंगुळा' म्हटलं तर?

उत्तर : झाडांना नावं देण्यापुरता ठीक. पण कागदाची टंचाई, म्हणून पोस्टातल्या वाया गेलेल्या तांबड्या फॉर्मांच्या पाठीवर ती लिहायची. १८९०मध्ये शार्लटटाऊनच्या वर्तमानपत्रात कविता छापूनही आली. विरंगुळा पत्त्यांनीही होतो. इथे 'आधार' म्हणा. 'सांत्वन' मात्र नको, ते समाचाराला आलेली मंडळी करतात.

प्रश्न : आणखी एक. आमच्याकडे म्हातारी माणसं 'आईवेगळी पोर' म्हणतात. तेही बघा. आणि मुलांच्या लेखात 'एकाकी' जड नाही का होणार? 'एकटी' पुरे.

उत्तर : 'आईवेगळी' झकास! पण नुसतं 'एकटी' म्हणजे सोबत कुणी नाही एवढंच. 'एकटी पडलेली' लिहा, पोरांना बरोबर कळेल.