व्हेंटिलेटरवरील न्यूमोनिया आणि कोलिस्टिन

प्रश्न : वडील व्हेंटिलेटरवर असून त्यांच्या श्वासनलिकेतील स्रावात ॲसिनेटोबॅक्टर हा जिवाणू आढळला. मेरोपेनेम हे प्रतिजैविक लागू पडत नसल्याने कोलिस्टिन हे दुसरे प्रतिजैविक सुरू केले आहे. ते घातक असते का?

उत्तर १ : मेरोपेनेमचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) हा जिवाणू बहुधा स्वतःच तयार करतो, त्यामुळे पर्याय मोजकेच उरतात. कोलिस्टिनने मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन नियमित तपासतात ना, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

उत्तर २ : मुळात हा न्यूमोनियाच आहे ना? श्वासाची नळी घातल्यावर ४८ तासांनंतर स्रावात जिवाणू सापडला, तरी ताप, एक्स-रेवरील नवे डाग किंवा ऑक्सिजनची वाढती गरज नसल्यास त्याची आजार न करता नुसती वस्ती असू शकते, आणि तेव्हा प्रतिजैविक अनाठायी ठरते.

उत्तर ३ : भेटीआधी व भेटीनंतर हात स्वच्छ करावेत, हा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस तग धरतो.