शोभेच्या कुंड्या आणि बागेची मांडणी : आपले अनुभव लिहा

बागेत कोणती झाडे लावावीत यावर आपण भरभरून लिहितो. ती ज्यात लावायची त्या कुंड्यांविषयी मात्र ‘मोठी घ्या, तळाला छिद्र असू द्या’ याच्या पलीकडे फारसे बोलणे होत नाही. वास्तविक पायवाटेच्या वळणावर, दाराशी किंवा गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलेली एखादी नेमकी कुंडी सगळ्या बागेचा तोल ठरवते. म्हणून हा धागा. कुंडीचा आकार, रंग, ती कशाची घडवली आहे, कुठे ठेवली आहे आणि तीत काय लावले आहे, यांचा मेळ आपण कसा घातला, हे कृपया सविस्तर लिहावे. छायाचित्रे अवश्य द्या, पण त्यांमागचा विचार वाचायला अधिक आवडेल.

०००

भिंतीलगत समान अंतरावर ओळीने मांडलेल्या कुंड्या नीटनेटक्या दिसतात, पण नजर त्यांच्यावर ठरत नाही. मला पुंजके अधिक भावतात. तीन किंवा पाच कुंड्या एकत्र, त्यांच्या उंचीत ठळक फरक, सर्वांत उंच कुंडी मागे आणि थोडी एका बाजूला, आणि पुढच्या बुटक्या कुंडीतली पाने तिच्या काठावरून जमिनीपर्यंत आलेली, अशी माझी आवडती रचना आहे. एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळते : पुंजक्यातल्या सगळ्या कुंड्यांत काहीतरी एक समान हवे. सगळ्या भाजक्या मातीच्या असतील तर आकार वेगवेगळे चालतात. आकार सारखे असतील तर रंग बदलता येतात. दोन्ही बदलले तर मांडणी न राहता नुसता साठा दिसू लागतो.

इंग्लंडमधील ग्रेट डिक्स्टर या बागेत घराच्या दर्शनी दाराशी कुंड्यांचा असाच दाट समूह मांडतात आणि ऋतुमानाप्रमाणे त्यातली झाडे बदलत राहतात. जमिनीतल्या वाफ्याला ही सोय नाही. बहर ओसरलेली कुंडी मागे सरकवायची आणि कळ्यांवर आलेली पुढे आणायची, एवढ्यानेच कोपरा पुन्हा ताजा होतो.

०००

रंगाविषयी लिहिते. मोरोक्कोतील मराकेश शहराच्या माजोरेल बागेतील गर्द निळ्या भिंती आणि त्यांच्यापुढच्या पिवळ्या कुंड्या अनेकांनी चित्रांत पाहिल्या असतील. तिथे झाडे बहुतांशी निवडुंग, ताड आणि बांबू, म्हणजे फुलांपेक्षा आकारांची; म्हणूनच कुंड्यांचा भडक रंग तिथे शोभतो. जिथे फुलेच बहुरंगी आहेत तिथे रंगीत कुंडी त्यांच्याशी स्पर्धा करते. माझ्या फुलझाडांसाठी मी करडा, मातकट किंवा गडद हिरवा यांपलीकडे जात नाही. गडद निळी, चकाकी असलेली कुंडी मी नेच्यांसाठी राखली आहे आणि ती सावलीत आहे. काळ्या आणि गडद कुंड्या थेट उन्हात तापतात आणि कडेच्या मुळ्या भाजतात, हेही ध्यानात असावे. धातूच्या कुंड्यांचेही तसेच.

०००

आमची बाग गच्चीवर असल्याने सौंदर्याआधी वजनाचा विचार करावा लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४० लिटरची कुंडी ओल्या मातीसह सहज ५० किलोंच्या वर जाते, आणि त्यात दगडी किंवा सिमेंटच्या कुंडीचे स्वतःचे वजन वेगळेच. म्हणून मोठ्या आकारासाठी आम्ही फायबरच्या कुंड्या घेतल्या, मातीच्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) वाढवले आणि सर्व मोठ्या कुंड्या भार पेलणाऱ्या भिंतींच्या रेषेत ठेवल्या. हलक्या कुंडीत उंच झाड असले की वाऱ्याने ती कलंडते. तिथे रुंद बुडाची, वर निमुळती होत जाणारी कुंडीच हवी. अशी बंधने पाळूनही गच्ची देखणी होते. एकाच करड्या छटेच्या चौकोनी लांबट कुंड्यांची कठड्यालगत रांग आणि तीत गवतासारखी झुलणारी झाडे, एवढ्यावर आमची गच्ची उभी आहे. (रांगेवरचा वरील आक्षेप मान्य, कठड्याशी मात्र रांगच शोभते असे माझे ठाम मत आहे.)

०००

पुंजक्यांविषयी वर लिहिले गेले आहे. मी एकट्या कुंडीविषयी लिहितो. माझ्या बागेत पायवाट जिथे वळते तिथे कमरेएवढा, फुगीर पोटाचा आणि अरुंद गळ्याचा रांजण आहे आणि त्यात एकही झाड नाही. रांजण घडवणाऱ्याची बोटे चाकावर फिरताना उमटलेल्या कडा गळ्याखाली अजून हाताला लागतात, आणि ऊन कलले की त्या कडांच्या बारीक सावल्या पोटावर उतरतात. झाड लावले असते तर ओघळत्या पानांनी नेमका हाच भाग झाकला असता. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. फुगीर पोटात वाढलेला मुळांचा गड्डा अरुंद गळ्यातून बाहेर निघत नाही; झाड हलवायची वेळ आली की मुळे कापावी लागतात, नाहीतर रांजण फोडावा लागतो. ज्यांना झाड हवेच असेल त्यांनी तोंडात बसेल अशी साधी कुंडी वरून अडकवावी. मी रांजण रिकामा ठेवून भोवती बुटके गवत लावले आहे.

मुळांचा विचार करून घडवलेले पात्र पाहायचे तर फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याच्या बागेतील लाकडी पेट्या पाहाव्यात. राजा चौदाव्या लुईच्या काळात तिथली संत्र्याची झाडे चौकोनी पेट्यांत लावून थंडीत आत नेत असत. या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे झाड न उपटता मुळांची छाटणी आणि माती बदलणे शक्य होते. आज तो घाट बऱ्याचदा केवळ शोभेसाठी वापरला जातो, याची हळहळ वाटते.

०००

नव्या सिमेंटच्या कुंड्या घेणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. त्यांतील चुन्याचा अंश मातीत उतरतो आणि आम्लधर्मी माती लागणाऱ्या अझेलिया, कॅमेलिया यांसारख्या झाडांची पाने पिवळी पडू शकतात. लागवडीपूर्वी कुंडी पाण्याने भरून ठेवावी आणि ते पाणी अनेकदा बदलावे.

०००

तळाशी खडी भरल्याने निचरा सुधारतो, असे अनेक ठिकाणी वाचनात येते. माझा अनुभव उलट आहे आणि त्याला कारणही आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते सीमेवरच अडते. म्हणजे खडीमुळे ओल मुळांच्या अधिक जवळ येते. मी छिद्रावर फक्त जाळीचा तुकडा ठेवतो आणि कुंडीखाली तीन चपटे दगड देतो. कुंडी जमिनीपासून किंचित उचललेली असली की पाणी वाहून जाते, फरशीवर डाग पडत नाही आणि दिसायलाही ती हलकी वाटते.

०००

मातीच्या कुंड्यांवर उमटणाऱ्या पांढऱ्या डागांविषयी. पाण्यातील आणि खतांतील क्षार सच्छिद्र भिंतीतून बाहेर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. सावलीच्या बाजूला शेवाळही धरते. मी हे घासून काढत नाही; जुन्या दगडी पायऱ्यांशेजारी अशीच कुंडी शोभते. डाग फार दाट झाले तर मात्र खत कमी करते आणि माती एकदा भरपूर पाण्याने धुऊन काढते. कडाक्याची थंडी पडणाऱ्या प्रदेशांत अशा कुंड्या हिवाळ्यापूर्वी आडोशाला न्याव्यात, कारण भिंतीत मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि कुंडीचे पापुद्रे सुटतात.