मदत हवी आहे: टीबीचं औषध चालू असूनही मानेतली गाठ वाढतेय

माळरान: वडिलांच्या मानेत गाठी आहेत. सुईच्या तपासणीत टीबी निघाला, एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू आहे. दोन गाठी बसल्या, एक वाढतेय. डॉक्टर म्हणतात, कोर्स पुरा करा. अजून किती थांबायचं? लवकर सांगा.

केळफूल: वय? औषध कधीपासून? गाठ नक्की कुठे? सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची तपासणी) झालं का? तंबाखू?

घाटवाट: घाबरू नका. माझ्या बहिणीची गाठ औषध चालू असतानाच फुगली, पू झाला, आणि ६ महिन्यांच्या कोर्समध्ये बसली. जंतू मरतात तेव्हा प्रतिकारशक्ती उसळते, म्हणून असं होतं. गोळ्या सोडू नका.

माळरान: वय ५८, तिसरा महिना. सीबीनॅट पॉझिटिव्ह. गाठ डाव्या जबड्याखाली, टणक, दुखत नाही. तंबाखू-चुना तरुणपणापासून. त्याचा इथे काय संबंध?

केळफूल: फार संबंध आहे. तोंड कुणी नीट तपासलंय का? सुई ज्या गाठीत गेली तिचंच तिने सांगितलं. टीबी खराच आहे, पण शेजारच्या गाठीत तोंडातून पसरलेला कॅन्सर असू शकतो. क्वचित एकाच गाठीत दोन्ही सापडतात.

सातारची काकू: गंडमाळेवर कांचनार गुग्गुळ द्या. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला.

घाटवाट: केळफूल, कशाला घाबरवताय? पेट स्कॅन केला की कळेल.

केळफूल: पेटमध्ये टीबीही चमकतो आणि कॅन्सरही. त्यावरून फरक ठरत नाही, गाठीतला नमुनाच तपासावा लागतो. आधी दुर्बिणीने तोंड-घसा बघून घ्या, मग सोनोग्राफी लावून वाढणाऱ्या गाठीतच सुई. गाठ काढायची वेळ आलीच तर सगळी फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका. त्यात जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही. थोडा भाग सलाईनमध्ये पाठवायला सांगा. आणि काकू, आत्ता काढे नकोत, वेळ जाईल.

रानपाखरू: निक्षयचे (टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते) पैसे येतात का? नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० झालेत. खातं आधारला जोडून घ्या.

माळरान: टॉर्च लावून बघितलं. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या दाढेजवळ पांढरा जाड चट्टा आहे, मध्ये लाल. बाबा म्हणतात दाढ लागते. सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेतोय. तोवर एकेटी बंद करू का?

केळफूल: अजिबात नाही, टीबी आहेच. चट्ट्याचा तुकडा लगेच घ्यायला सांगा. आणि नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून सुईच्या तपासणीच्या काचाही (स्लाइड) मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला बघता येतील.