गळ्यात माळ, पुढ्यात पार्टी: तुमचे अनुभव सांगा

रायगडकर
काल चुलतभावाच्या पोराची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते सांगायला नको. मांडवात मटणाची पातेली, मागच्या पडवीत बाटल्या, वर डीजे. दरवर्षी आळंदीहून पायी चालणाऱ्या आमच्या मामांनी सगळ्यांदेखत माळ काढली, खुंटीला अडकवली नि पंगतीला बसले. मला आजा आठवला. जत्रेत बोकड पडला तरी तो त्याच पंगतीत बसायचा. पत्रावळीवर भात नि गूळ. वाढपी आला की पत्रावळीवर आडवा हात धरायचा, "मला नको रे बाबा", बस्स. उपदेश नाही, रुसून घरी बसणं नाही.
मी सेल्समध्ये आहे. क्लायंटबरोबर 'बसावं' लागतं. माळकरी मंडळी, तुम्ही कसं निभावता?

सोडावॉटर
लिंबू-सोडा घेऊन उभं राहायचं. दुसऱ्या पेगनंतर कुणाच्या ग्लासात काय आहे हे कुणालाच कळत नाही 😂 बिल वाटून घेताना मात्र बरोब्बर आठवतं की तुम्हीपण होतात.

वरणभात
ऑफिसचं काही नाही हो, नातेवाईक भारी पडतात. सासूबाई दर रविवारी: "नुसता रस्सा घे, फोडी नको घेऊस." आता नणंदही सामील. "अंड्याला काय होतंय?" मी हसते नि ताकाची वाटी पुढे ओढते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पिंपळपार
मामांना नावं ठेवू नका. माळ घालून चोरून खाणारे कमी आहेत का? त्यांनी निदान काढून तरी खाल्लं.

रायगडकर
नावं ठेवत नाही, पण हेच मामा वारीत आम्हाला कांदा-लसणावरून झापतात 😄

पिंपळपार
मग ठेवा.

रात्रपाळी
मी सिस्टर आहे. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढून घ्यावं लागतं. म्हातारी माणसं बांगड्या देतात, कवळी देतात, माळ नाही. मग आम्ही ती मनगटाला गुंडाळून वर गॉज नि चिकटपट्टी लावतो. एका आजोबांनी भुलेच्या डॉक्टरांनाच हरिपाठ म्हणायला लावला होता. त्यांना पहिल्याच दोन ओळी येत होत्या, तेवढ्यावर सुटले.

वसईकरीण
आम्ही ख्रिस्ती, माळ नाही, पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ असतो. शुक्रवारी मटण-चिकन बंद. मासे चालतात, म्हणून वसईत कुणाला ती शिक्षा वाटत नाही 🙈 पण टीम लंच नेमकं शुक्रवारीच, आणि बिर्याणीच! मॅनेजर म्हणतो, "देव बघतोय थोडाच?" अरे, मग उपास तुझ्यासाठी करते का मी?

वरणभात
@वसईकरीण हे वाक्य सासूबाईंसाठी उधार घेते.

खाडीपलीकडे
आखातात आहे. इथं दारूचा मोह नाही, ओव्हरटाइमचा आहे. हरिपाठाची वेळ आणि ओव्हरटाइमची वेळ एकच. पैशासाठीच तर आलो, सोडायचा कसा? 2020 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ते आम्ही खोलीत मोबाईलवर पाहिलं. त्या दिवसापासून ठरवलं, ओव्हरटाइम संपवून रात्री, पण सत्तावीस अभंग म्हणूनच आडवं व्हायचं. शेजारच्या कॉटवरचा केरळी पोरगा आता टाळ्यांचा ठेका धरतो. अर्थ विचारत नाही, चूक झाली की मात्र थांबवतो.

सोडावॉटर
वा माऊली! 🙏

झोपाळा
माझ्याकडे मटण नाही, दारू नाही. जपाला बसलं की फोन 'टिंग' करतो. बघितलं तर भजनी मंडळाचाच ग्रुप. तीसेक गुड मॉर्निंग.

रात्रपाळी
ग्रुप म्यूट करा हो.

झोपाळा
मीच ॲडमिन आहे.

खाडीपलीकडे
परवा एकादशी. माझा साबुदाणा दरवेळी गोळा होतो. बायको फोनवर हसते.

वरणभात
पाणी जास्त होतंय. धुऊन निथळा, वर जेमतेम बोटभर पाणी, रात्रभर. कूट भिजलेल्या साबुदाण्यालाच चोळून घ्या, मग फोडणीत टाका. सारखं ढवळू नका.

पिंपळपार
पाकृचा धागा वेगळा काढा.

सोडावॉटर
काढू नका, इथंच सांगा. बटाटा उकडलेला की कच्चा?