मदत हवी आहे: ई-८५ भरल्यापासून चेक इंजिनचा दिवा (जरा लवकर सांगा)

धांदरट: सेकंडहँड गाडी घेतली. डिकीवर फ्लेक्स-फ्युएलचा (पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणारी) बिल्ला, टाकीचं झाकण पिवळं. स्वस्त म्हणून ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं पेट्रोल) टाकलं, तर सकाळी स्टार्ट व्हायला का-कू करते आणि आता चेक इंजिनचा दिवा. डीलरच्या गळ्यात परत मारू का? खरंच माहीत असेल त्यांनीच लिहा.

पुणेरी_पिस्टन: ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आलं तेव्हापासून हेच ओरडतोय! माझ्या २०१७च्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय. ई-२०ला चालणाऱ्या गाड्या सक्तीच्या झाल्या एप्रिल २०२३पासून, आधीच्यांनी काय पाण्यावर चालवायची?

मक्याच्या_गावची: पिस्टन, तो ई-८५ म्हणतोय, इकडे अमेरिकेत असणार. धांदरट, राज्य कुठलं? गाडी, वर्ष, इंजिन? दिव्यामागचा बिघाडाचा कोड काय आला? टाकीत आधी काय होतं?

धांदरट: मिनेसोटा. २०१३, व्ही-६. कंपनी सांगत नाही, नाहीतर तीस प्रतिसाद त्यावरच येतील. कोड कसा बघतात?

रात्रपाळी: पार्ट्सच्या दुकानात जा, बरेचदा फुकट वाचून देतात. आणि इंजेक्टर क्लीनरची एक बाटली आण. मी दर सर्व्हिसिंगला टाकतो, कधी त्रास नाही.

ऊसकरी: इथेनॉल म्हटलं की सगळे आमच्यावर घसरतात. डिसेंबर २०२३ला सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आडकाठी घातली, तेव्हा कारखान्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

धांदरट: ऊस राहू द्या हो. पी ०१७१ आणि पी ०१७४ आलेत.

मक्याच्या_गावची: म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजू लीन, हवा जास्त आणि इंधन कमी. पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, ई-८५ला जेमतेम १०. म्हणजे त्याच हवेत इंधन बरंच जास्त सोडावं लागतं. बऱ्याच गाड्यांत इथेनॉल मोजायला वेगळा सेन्सर नसतो. टाकीत भर पडली की गाडीचा कॉम्प्युटर ओ-टू सेन्सरवरून (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) अंदाज बांधतो. तो अजून पेट्रोलच समजत असेल तर मिश्रण लीन आणि हे दोन कोड. एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय: इंधन बदलताना ३ गॅलनपेक्षा कमी टाकू नका आणि भरल्या भरल्या ७ मैल चालवा. एका वेळी किती टाकतोस?

रात्रपाळी: सेन्सर-बिन्सर काही नाही. इथेनॉलने जुन्या टाकीतला गाळ सुटतो आणि फिल्टर चोंदतो. बाटली टाका.

मक्याच्या_गावची: गाळही असू शकतो, पण बाटलीने चोंदलेला फिल्टर मोकळा होत नाही.

गॅरेजवाला_काका: आधी गाडी खरंच फ्लेक्स आहे का ते बघा. झाकण कोणीही बदलतं, बिल्लाही चिकटवता येतो. अमेरिकन गाड्यांत व्हिनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर इंजिन सांगतं, ते मॅन्युअलशी ताडून पाहा.

धांदरट: व्हिन जुळतोय. एका वेळी पाचेक डॉलरचं टाकतो. कधी ई-८५, कधी साधं, जे स्वस्त असेल ते.

मक्याच्या_गावची: अरे देवा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! दर वेळी दोनेक गॅलन आणि तेही आलटून-पालटून, कॉम्प्युटर बिचारा शिकणार कधी? टाकी खाली आली की एकाच इंधनाने फुल्ल कर आणि लगेच हायवेला काढ. थंडीत सरळ साधंच भर. इथेनॉलची वाफ गारठ्यात सहज होत नाही, म्हणून सकाळची कुरकुर. पंपवाले हिवाळ्यात इथेनॉलचं प्रमाण उतरवतात, ई-८५मध्ये ५१ ते ८३ टक्के काहीही असतं. स्वस्ताईचंही गणित कर: मायलेज १५ ते २७ टक्के पडतं, भाव तेवढा कमी नसेल तर तोटाच.

गॅरेजवाला_काका: तरी दिवा परत लागला तर व्हॅक्यूम लीक (इंजिनात कुठून जास्तीची हवा शिरते का) तपासून घ्या. आधीच कोड पुसू नका, मेकॅनिकला काही सापडणार नाही.

पुणेरी_पिस्टन: म्हणजे तिकडेही ॲव्हरेज पडतं! गडकरींनी ऑगस्ट २०२३ला फ्लेक्स-फ्युएलची इनोव्हा दाखवली होती, ती रस्त्यावर कधी येणार?

ऊसकरी: तिकडे मक्याला भाव काय मिळतो?