घाट, वाफ आणि बिनपाण्याचं कूलंट: तुमचे अनुभव

काल खंबाटकी चढताना एका वळणावर बॉनेट उघडून गाडी उभी. भसाभसा वाफ, कडेला दगडावर बसलेली आजी आणि पाण्याची बाटली घेऊन घिरट्या घालणारा नातू. पोटात एकदम कालवलं.

१९९४ चा मे. चिपळूणहून आंब्याच्या पेट्या आणि आम्ही नऊ जण असं सगळं भरून अण्णांची डिझेल जीप कुंभार्ली चढत होती. इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये. अण्णांना धीर निघेना. गोणपाट ओलं करून त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं सांगत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत डाग शेवटपर्यंत राहिला. झाकणामुळे आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि दाब सुटला की सगळंच एकदम उकळतं, हे मला नंतर बारावीत कळलं.

जीप अजून आहे. गेल्या दिवाळीत तिच्यात बिनपाण्याचं कूलंट (इंजिनात फिरून ते थंड ठेवणारं द्रव) भरलं. नुसतं ग्लायकॉल, म्हणजे साध्या कूलंटमध्ये पाण्यात मिसळतात ते दाट रसायन. १८० अंशांच्या वर उकळतं, त्यामुळे आत दाब जवळजवळ नाहीच. भरायला पाच मिनिटं, आधीचं पाणी काढायला तीन दिवस! इंजिनच्या ब्लॉकचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) तीस वर्षांत कुणी उघडला नव्हता. पाना घसरून बोटं सोलली. निघालं काय, तर गेरूसारखं पाणी आणि तळाला पिवळट गाळ. ब्लोअरनं वाळवलं, धुवायचं द्रावण फिरवून काढलं, मग खरं कूलंट. आत तीन टक्क्यांहून जास्त पाणी राहता कामा नये. माझं पहिल्यांदा पाच आलं. परत उपसा.

येऊ द्या तुमचे किस्से.

तिखटमीठ: मी घरातला कूलर समजून धागा उघडला 😀 आमच्याकडे नागपुरात बिनपाण्याचा कूलर म्हणजे नुसता आवाज.

नटबोल्ट: पिवळा गाळ म्हणजे हळद हो! रेडिएटर झिरपायला लागला की मूठभर हळद टाकायची, फट बुजते. माझ्या गॅरेजमध्ये अजून टाकून आणतात लोक. बारीक नळ्या पण बुजतात मग, ते कोण बघतो.

घाटवळण (धागाकर्ता): हळद???

पडवीतून: अण्णांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या काकांनी पसरणी घाटात पाणी मिळेना म्हणून सोड्याच्या सहा बाटल्या ओतल्या होत्या. इंजिन थंड झाल्यावर, हळूहळू. गाडी पाचगणीला पोचली. काकू मात्र तहानलेल्याच, ते अजून ऐकवतात.

उकळबिंदू: एक बाजू राहिली. ग्लायकॉल उशिरा उकळतं हे खरं, पण उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी. ग्लायकॉलची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या साधारण साठ टक्के. वर ते दाट. त्यामुळे काटा आधीपेक्षा थोडा वरच राहणार. फायदा आहे तो हेडजवळ, म्हणजे इंजिनच्या वरच्या तापणाऱ्या भागाजवळ. तिथं पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धातूला चिकटतात, तेवढ्या जागी थंडावा पोचत नाही. ते टळतं. शिवाय गंज कमी.

घाटवळण: बरोबर, माझा काटा दोन रेघा वर गेलाय. पहिला आठवडा झोप नव्हती.

खारीक: मी केलं होतं जुन्या सेडानला, चार महिन्यांत पाण्यात गेलं. शब्दशः. पंपावर हवा भरत होतो, तिथल्या पोरानं कूलंटच्या बाटलीत पातळी कमी बघितली आणि नळाचं पाणी भरून टाकलं, ते पण हसत हसत. "काका, सुकलेलं होतं, भरून दिलंय." काय बोलणार? वीस रुपये दिले. आपल्याकडे रेडिएटरला पाणी पाजणं पुण्याचं काम. कूलंट बदलाल, माणसं कशी बदलणार.

नटबोल्ट: 😂 रोजच्या गाडीला कशाला हा खर्च. साधं कूलंट निम्मं, डिस्टिल्ड पाणी निम्मं, वेळेवर बदला. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखणारी झडप) काढून टाकू नका. "आपल्याकडं गरज नाही" म्हणून काढणारे आमच्यातलेच आहेत, माहितीय.

बर्फाळदेशी: कॅनडातून. इकडे उलट गंमत. नुसतं एथिलीन ग्लायकॉल उणे १३ ला गोठतं, निम्मं पाणी घातलं की उणे ३७ पर्यंत टिकतं. म्हणून बिनपाण्याच्यात प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळतात. बाकी कुंभार्ली वाचून घराची आठवण आली, आम्ही पोफळीचे.

मनीमाऊ: काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका प्लीज. मांजरं चाटतात आणि किडन्या जातात. आमची सोनी तशीच गेली. कुत्र्यांनाही तेच.

पडवीतून: अरेरे माऊ 😔

तिखटमीठ: पोफळीवाले, कुंभार्लीत वर भजी मिळतात का अजून? रविवारी जायचंय.

बर्फाळदेशी: मला विचारताय? मी इथे बर्फ उपसतोय.

घाटवळण: खारीक, तुमचं वाचून आठवलं, मी झाकणाजवळ ऑइलपेंटनं "पाणी घालू नका" लिहिलं होतं. मागच्या पावसात "नका" उडाला. आता नुसतं "पाणी घालू". परत रंगवायचंय, आणि मागच्या सीटखाली त्याच कूलंटचा एक लिटर ठेवतोच.

नटबोल्ट, आईला आत्ता फोन केला. म्हणाली, "मला वाटायचं तुझ्या आत्या नेतात हळद." तीस वर्षं आत्यांवर संशय!

खारीक: आत्यांना पण फोन करा हो.

तिखटमीठ: भज्यांचं कुणीच सांगेना. कुकर लावलाय, येते नंतर.